संस्कार, समाजीकरण आणि मैदान : शिवाजी पार्क परिसराच्या संदर्भात व्यक्तीच्या ओळखीची जडणघडण

बीजसंज्ञा : समाजीकरण, संस्कार, ओळख, सामान्यीकृत इतर, पुनर्समाजीकरण, शिवाजी पार्क

प्रस्तावना :

मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, हे विधान समाजशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर आढळते. या विधानातून मनुष्य जन्मतःच सामाजिक असतो असा ग्रह होतो. वस्तुतः तसे नसते. जन्माला येणारे मूल भाषा, शिस्त, लाज, अभिमान वा तिरस्कार यांपैकी काहीही बरोबर आणत नाही. जात आणि धर्म त्याला जन्माबरोबर चिकटतात खरे, परंतु त्यांचा अर्थ काय, कोणापुढे मान झुकवायची आणि कोणाशी बरोबरीने बोलायचे, हे त्याला शिकावेच लागते. या शिकण्याच्या प्रदीर्घ प्रक्रियेस समाजीकरण असे म्हणतात. या प्रक्रियेतूनच व्यक्तीला 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि त्या उत्तराला साजेसे वर्तनही घडत जाते.

समाजीकरणाची साधने सांगताना कुटुंब, शाळा, मित्रमंडळ, धर्म व प्रसारमाध्यमे अशी यादी दिली जाते. या यादीत जागेचा, म्हणजे ज्या प्रत्यक्ष भूमीवर माणसे वाढतात त्या ठिकाणाचा, उल्लेख सहसा नसतो. मुंबईतील दादर येथील शिवाजी पार्क या मैदानाच्या आधारे ही उणीव लक्षात येते. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाने जवळपास शंभर वर्षे मराठी माणसांच्या अनेक पिढ्या घडविल्या. त्या घडविण्याची रीत आणि तिच्यातून कोण आत आले व कोण बाहेर राहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संस्कार आणि समाजीकरण :

मराठीत 'समाजीकरण' हा पारिभाषिक शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून 'संस्कार' हा शब्द होता. घराघरांत आजही तोच चालतो. 'त्याच्यावर चांगले संस्कार झाले आहेत' असे म्हटले जाते, 'त्याचे समाजीकरण उत्तम झाले' असे कोणी म्हणत नाही. दोन्ही शब्द समानार्थी मानण्याची प्रवृत्ती विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसते. परंतु दोहोंत महत्त्वाचे अंतर आहे.

संस्कार हा शब्द मुळात शुद्धीकरणाचा, घडवून सुंदर करण्याचा अर्थ सांगतो. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे सोळा संस्कार परंपरेत सांगितले आहेत. त्यात करणारा आणि ज्याच्यावर करायचा तो, असे दोघे निश्चित असतात. हेतू उघड असतो. आणि जे शिकविले जाते ते चांगलेच, असे गृहीत असते. साने गुरुजींच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई' या पुस्तकाने तर आई आणि संस्कार यांचे नाते मराठी मध्यमवर्गाच्या मनात कायमचे कोरले. दादरच्या शाळा व उन्हाळी संस्कारवर्ग याच कल्पनेवर उभे राहिले.

समाजीकरणाची व्याप्ती याहून मोठी आहे. कोणीही मुद्दाम न शिकविता शिकल्या जाणाऱ्या गोष्टी त्यात येतात. आई मुलाला 'सर्व माणसे सारखी' असे शिकविते, हा संस्कार होय. तीच आई घरकाम करणाऱ्या बाईला वेगळ्या कपात चहा देते आणि मूल ते पाहते, हे समाजीकरण होय. पहिले वाक्य मूल पाठ करते. दुसरी गोष्ट ते वापरते. ओळख आणि वर्तन यांचा शोध घेताना दुसऱ्या प्रकारच्या शिकण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण ते विसरले जात नाही. ते शिकलो आहोत याचीच व्यक्तीला जाणीव नसते.

मैदानाची जडणघडण :

मुंबई महापालिकेने हे मैदान १९२५ साली खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. शिवछत्रपतींच्या जन्मास, त्या वेळी रूढ असलेल्या १६२७ या सनाप्रमाणे, तीनशे वर्षे होत होती. त्या निमित्ताने १९२७ साली मैदानाला शिवाजी पार्क हे नाव दिले गेले. त्यासाठी आग्रह धरणाऱ्या नगरसेविका म्हणजे अवंतिकाबाई गोखले होत. गांधीजींचे चरित्र मराठीत प्रथम लिहिणाऱ्या आणि हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या या बाईंचे नाव मैदानावर रोज फिरणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. मैदानाचे नाव एका स्त्रीच्या आग्रहातून आले आणि पुढील अनेक दशके मैदानाचा मधला भाग मात्र मुलांचा व पुरुषांचाच राहिला, ही विसंगती नोंदविण्याजोगी आहे. २०२० मध्ये महापालिकेने नावाचा विस्तार करून ते 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असे केले; बोलण्यात मात्र 'पार्क' एवढेच उरले आहे. 'पार्कात जाऊन येतो' म्हटले की परिसरात कोणालाही अधिक विचारावे लागत नाही.

१९३० व १९४० च्या दशकांत मैदानाभोवती गोलाकार गच्च्यांच्या, दोन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. गिरगावच्या चाळींतून बाहेर पडू शकलेला, नोकरी व शिक्षण यांच्या बळावर स्थिरावलेला मराठी मध्यमवर्ग येथे येऊन राहिला. १९४० साली दादासाहेब रेगे यांनी बालमोहन विद्यामंदिर सुरू केले. व्यायामशाळा, जिमखाना, वाचनालय, मंदिर, स्काउट पॅव्हिलियन आणि बंगाली रहिवाशांचा बेंगॉल क्लब अशा संस्था मैदानाच्या कडेला किंवा जवळपास नांदू लागल्या. शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९६६ साली बसविण्यात आला. त्यात उगारलेली तलवार नसून पुढे केलेला हात आहे. घर, शाळा, मैदान आणि देऊळ पाच मिनिटांच्या चालीवर असणे ही मुंबईत दुर्मीळ गोष्ट होय. समाजीकरणाची सर्व साधने जेव्हा एकाच चौकात एकत्र येतात तेव्हा ती परस्परांना बळकटी देतात. शाळेतले शिक्षक संध्याकाळी मैदानावर भेटतात आणि मैदानावर केलेली आगळीक रात्रीच्या जेवणाआधी घरी पोहोचते.

खेळ आणि 'सामान्यीकृत इतर' :

अमेरिकन विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या व्याख्यानांवरून संकलित झालेला 'माइंड, सेल्फ अँड सोसायटी' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३४ साली प्रसिद्ध झाला. 'स्व' कसा घडतो हे सांगताना मीड यांनी दोन पायऱ्या मानल्या. पहिल्या पायरीवर मूल एका वेळी एकच भूमिका वठविते; ते कधी आई होते, कधी पोलीस. दुसऱ्या पायरीवर ते नियमबद्ध खेळात उतरते. येथे स्वतःचे काम ठाऊक असून भागत नाही, इतर सर्व खेळाडूंनी काय करायचे आहे आणि ते आपल्याकडून कशाची अपेक्षा करतात, हे एकाच वेळी मनात बाळगावे लागते. या सर्वांच्या एकत्रित अपेक्षेला मीड 'सामान्यीकृत इतर' म्हणतात. त्यांनी यासाठी बेसबॉलचे उदाहरण घेतले. शिवाजी पार्कच्या वाचकास ते क्रिकेटच्या आधारे अधिक लवकर कळेल.

या मैदानावर एका वेळी अनेक खेळ चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाजवळ उभा असतो. शेजारी नेटमध्ये सराव चालू असतो. कडेला टेनिस चेंडूवर गल्लीतली पोरे खेळत असतात. नवख्याला हा गोंधळ वाटतो. सरावलेला मुलगा मात्र कोणता चेंडू आपला, कोणता परका, कोणाच्या खेळात आडवे जायचे नाही आणि परका चेंडू आला तर तो कोठे परत फेकायचा, हे सारे न बघता जाणतो. हे नियम कोठेही लिहिलेले नाहीत. चूक झाली की ओरडा बसतो, दोन-चार वेळा बसला की तो बसेनासा होतो. एवढेच त्याचे शास्त्र.

या अलिखित शिक्षणाला शिस्तीची जोड देणाऱ्यांत रमाकांत आचरेकर (१९३२-२०१९) यांचे नाव अग्रभागी आहे. स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या आचरेकरांच्या वाट्याला प्रथम दर्जाचा एकच सामना आला. शिक्षक म्हणून मात्र त्यांनी भारतीय संघाला सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर असे खेळाडू दिले. त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० साली पद्मश्री मिळाली. सरावाच्या अखेरीस, तेंडुलकर दमलेला असताना, ते स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो त्याला बाद करील त्याचे ते नाणे, कोणीच बाद केले नाही तर ते त्याचे. अशी तेरा नाणी जपून ठेवल्याचे तेंडुलकरने अनेकदा सांगितले आहे. नाण्याची किंमत येथे गौण आहे. दमलेल्या शरीराने, सर्वांच्या डोळ्यांदेखत, 'मी सहज विकेट देणार नाही' असे सिद्ध करावयाचे असते, आणि ते इतक्या वेळा सिद्ध करावे लागते की पुढे तो स्वभावच होऊन बसतो.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये या स्वभावाला 'खडूस' म्हणतात. एरवी हा शब्द निंदेचा आहे. चिक्कू, तुसडा माणूस खडूस. मुंबईच्या ड्रेसिंगरूममध्ये मात्र तो गौरवाचा ठरला. निंदेचा शब्द गौरवाचा होणे ही गटाची स्वतंत्र मूल्यव्यवस्था तयार झाल्याची खूण समजावी. १९४८ पासून चालणारी कांगा लीग भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. चेंडू कोठे उसळेल याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी तीस धावा काढणाऱ्यालाही मान मिळतो. चिकाटीला मान देणारा समाज आणि चिकाटी मागणारी खेळपट्टी अशी सांगड पडली की 'मुंबईकर फलंदाज असाच असतो' हे वाक्य निसर्गनियमासारखे भासू लागते. त्यात निसर्ग फार थोडा असतो.

समाजीकरणाच्या मर्यादा :

येथवरचे विवेचन वाचून माणूस म्हणजे समाजाने ओतलेला साचा, असा समज होण्याचा धोका आहे. डेनिस राँग या समाजशास्त्रज्ञाने १९६१ सालच्या आपल्या गाजलेल्या लेखात नेमका याच समजावर आक्षेप घेतला. माणसाची 'अतिसमाजीकृत' प्रतिमा रंगवून समाजशास्त्र त्याच्यातील बंडखोरी व वासना विसरते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

फेब्रुवारी १९८८ मधील एक सुप्रसिद्ध प्रसंग येथे उपयोगी पडतो. हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात, आझाद मैदानावर, शारदाश्रम विद्यामंदिराच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागी केली. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. डाव घोषित करा, असा आचरेकरांचा निरोप सहायक प्रशिक्षक सीमारेषेवरून ओरडून देत होते आणि दोघे मुलगे त्याच्याकडे न पाहता खेळत राहिले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. म्हणजे कठोर शिस्तीत वाढलेली मुलेही, गुरू दृष्टीआड असताना, ऐकू न आल्याचे सोंग करू शकतात. परंतु हकिकत येथे संपत नाही. उपाहाराच्या वेळी आचरेकरांना दूरध्वनी लावला गेला, कांबळीने आणखी एक धाव काढू देण्याची विनंती केली, गुरूंनी नकार दिला आणि ३४९ वर डाव घोषित झाला. गुरू मैदानावर नव्हते. समोर होता तो फक्त आवाज, आणि तो पुरेसा झाला. राँग यांचे म्हणणे प्रसंगाच्या पूर्वार्धात खरे ठरते, मीड यांचे उत्तरार्धात.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. दोघांचा गुरू एक, शाळा एक, मैदान एक. तरीही समाजीकरण एकच होते असे म्हणता येत नाही. तेंडुलकरचे वडील रमेश तेंडुलकर हे कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक आणि कवी. मुलाने शाळा बदलली तेव्हा वांद्र्याचा प्रवास वाचावा म्हणून शिवाजी पार्कजवळच राहणाऱ्या काका-काकूंच्या घरी त्याची व्यवस्था झाली. कांबळी कांजूरमार्गहून खेळाचे सामान सांभाळत लोकलने येई. एकाला मैदान अंगणात मिळाले, दुसऱ्याला ते रोज गाठावे लागले. पुढे कसोटी क्रिकेटमध्ये कांबळीने १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतके केली आणि १७ कसोट्यांत ५४ हून अधिक सरासरी राखली; म्हणजे खेळाच्या शिक्षणात काही कमी पडले असे म्हणण्यास जागा नाही. त्यांच्या आयुष्यांची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो आणि बहुधा ती स्वभावाच्या भाषेत केली जाते. स्वभावाच्या आधी अंतर, घर आणि घरातील वडिलधाऱ्यांची मोकळीक यांचा हिशेब मांडणे अधिक न्याय्य ठरेल.

अंगवळणी पडणे :

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३४ साली दिलेल्या एका व्याख्यानात चालणे, पोहणे, बसणे, खोदणे या क्रियाही संस्कृतीगणिक वेगळ्या असतात, हे दाखवून दिले. पिएर बोर्द्यू यांनी पुढे हाच विचार 'हॅबिटस' या संकल्पनेत विस्तारला. ती समजावून देताना अनेक अवजड प्रतिशब्द योजले जातात. वास्तविक मराठीत 'अंगवळणी पडणे' हा वाक्प्रचार आहेच, आणि तो सिद्धान्ताइतकाच नेमका आहे : सवय मनाला लागत नाही, ती अंगाला वळण देते.

शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात हे शब्दशः पाहावयास मिळते. १९२५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मल्लखांब शिकविला जातो. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी केले, असे मानले जाते. एरंडेल चोळलेल्या लाकडी खांबावर मूल पहिल्यांदा अढी मारते तेव्हा मांड्या सोलवटतात, पकड सुटते, हसे होते. काही महिन्यांनी त्याच्या अंगाला उलटे होण्याची भीती उरत नाही. भीती न उरणे ही शारीरिक गोष्ट वाटते, परंतु शाळेत उभे राहून बोलण्याच्या त्याच्या पद्धतीतही ती उतरते.

मुलींच्या बाबतीत याचे महत्त्व विशेष आहे. आयरिस मॅरियन यंग यांनी १९८० साली दाखविले की मुलींच्या हालचाली आखडत्या असतात त्या स्नायूंच्या दुर्बलतेमुळे नव्हे, तर आपले शरीर हे पाहिले जाणारे, सांभाळावयाचे शरीर आहे, या शिकवणुकीमुळे. 'नीट बस', 'पाय जवळ घे', 'धावू नकोस' ही वाक्ये मराठी घरांत आजही ऐकू येतात. मुलींसाठी आधी दोरीचा मल्लखांब रूढ झाला; आता त्या पुरलेल्या खांबावरही दिसतात. संस्थेचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी मुलींप्रमाणे अंध मुलांनाही हा खेळ शिकविला. त्यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच मैदानावर झाली. परदेशी खेळाडूंनी तेथे केलेल्या कसरती पाहिल्या म्हणजे संस्कृती रक्तात असते, या समजुतीविषयी निदान शंका यावी.

कट्टा :

मैदानाभोवतीची बुटकी भिंत म्हणजे कट्टा. तिचा परीघ सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर भरतो. सकाळी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या जातात. संध्याकाळी तिच्यावर बसले जाते. चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ साली 'आरशातील स्व' ही कल्पना मांडली. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो याच्या कल्पनेवर माणूस स्वतःची प्रतिमा बेततो. कट्टा हा असा सव्वा किलोमीटरचा आरसा आहे. चालणारे बसलेल्यांना पाहतात, बसलेले चालणाऱ्यांना. कोणाचा मुलगा परीक्षेत पडला, कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, कोणाचे आजोबा आठवडाभर फेरीला आले नाहीत, याची नोंद येथे होते. शेवटच्या नोंदीमुळे एकट्या वृद्धाची वेळीच विचारपूस होते, हे विसरून चालणार नाही. नजर ही जाच असते आणि आधारही.

भाषेची अदलाबदलही येथेच होते. घरात 'नाही' म्हणणारा मुलगा कट्ट्यावर 'नाय' म्हणतो आणि घराची पायरी चढता चढता पुन्हा 'नाही'वर येतो. त्याला यात काही दुटप्पी वाटत नाही. लालबाग-परळहून आलेल्या मुलाला मात्र हा बदल उलट दिशेने करावा लागतो. तो मुलाखतीच्या वेळी, मोठेपणी आणि घाम फुटत असताना. एकाची 'नाय' ही मौज ठरते, दुसऱ्याची उणीव. समाजीकरणातील विषमता इतक्या लहान अक्षरांत लिहिलेली असते.

एकच मैदान, निरनिराळ्या ओळखी :

आतापर्यंत ज्यांचा विचार झाला ते मैदानाच्या आसपासचे किंवा रोज येणारे लोक. वर्षातून काही दिवस हे मैदान इतरांचे होते, आणि विषयाच्या दृष्टीने ते दिवस सर्वाधिक बोलके आहेत.

१९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी येथे भरला. गिरणगावातील वस्त्यांमधून वडिलांच्या खांद्यावर बसून आलेल्या मुलांना भाषणातील मुद्दे कळले नसतील. आपण किती आहोत, हे कळले. राजकीय समाजीकरण पुष्कळदा विचारापूर्वी असे गर्दीतून होते. २०२२ मध्ये पक्षात फूट पडल्यावर मेळाव्यासाठी हेच मैदान मिळावे म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, यावरून जागा आणि ओळख किती एकजीव झाल्या आहेत याची कल्पना येते.

मैदानापासून जवळच, दादरच्या समुद्रकिनारी, ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथे उभ्या राहिलेल्या चैत्यभूमीवर दर वर्षी ६ डिसेंबरला लक्षावधी लोक येतात. विदर्भ-मराठवाड्यातून, देशाच्या इतर भागांतून आलेल्या या लोकांच्या निवाऱ्याची, पाण्याची सोय महापालिका शिवाजी पार्कवर करते. पुस्तकांचे स्टॉल लागतात. पांढऱ्या वस्त्रांतील, सोबत भाकरी बांधून आणलेली माणसे या स्टॉलवरून पुस्तके विकत घेतात.

समाजशास्त्रात पुनर्समाजीकरण अशी एक संकल्पना आहे. प्रौढ व्यक्तीने आधी शिकलेले टाकून नवे शिकणे, असा तिचा अर्थ. उदाहरणादाखल तुरुंग, सैन्य किंवा मठ यांचा निर्देश केला जातो. यांत बहुधा बाहेरची सक्ती असते. महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण मात्र स्वेच्छेचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांना २२ प्रतिज्ञा दिल्या. अमुक देवतांना पूजणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, दारू पिणार नाही, सर्व माणसांना समान मानीन, अशा त्या प्रतिज्ञा म्हणजे वर्तनाची नवी घडी होय. गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाकून 'जोहार' घालायला शिकविले, ते एकमेकांना 'जय भीम' म्हणू लागले. अभिवादनाचा एक शब्द बदलला की मान, पाठ, नजर आणि आवाज हे सारे बदलावे लागते. 'अंगवळणी पडलेले' इतके खोलवरचे वळण लोकांनी समजून-उमजून मोडले, ही घटना समाजीकरण सर्वशक्तिमान मानणाऱ्या कोणत्याही सिद्धान्ताला उत्तर द्यायला लावणारी आहे. दादरच्या अंत्यसंस्काराच्या वेळीही भदन्त आनंद कौसल्यायन यांनी मोठ्या जनसमुदायाला दीक्षा दिली होती.

प्रश्न उरतो तो मैदानाभोवतीच्या गच्च्यांत वाढणाऱ्या मुलाचा. ६ डिसेंबरचा दिवस त्याला काय शिकवितो? काही घरांत हा दिवस 'गर्दीचा', 'बाहेर न पडण्याचा' म्हणूनच ओळखला जातो. कचऱ्याविषयी, रहदारीविषयी बोलले जाते. गणपतीच्या विसर्जनाची किंवा सभांची गर्दी मात्र 'आपली' असते, तिचा कचरा दुसऱ्या दिवशी उचलला जातो आणि विसरला जातो. दोन गर्दींविषयी दोन स्वर लागतात, हे मूल नेमके टिपते. जातीविषयी एक अक्षरही न उच्चारता जात शिकविण्याची ही पद्धत आहे, आणि ती सुसंस्कृत म्हणविणाऱ्या घरांत अधिक सफाईने चालते. काही घरांतून याउलटही घडते. आई किंवा आजोबा मुलाचा हात धरून त्याला पुस्तकांच्या स्टॉलपर्यंत नेतात, एखादे पुस्तक विकत घेतात, चंद्रपूरहून किंवा लातूरहून आलेल्या बाईंना 'प्रवास कसा झाला' असे विचारतात. त्या मुलाला समतेचा धडा द्यावा लागत नाही. अशा घरांची संख्या किती, याचा अदमास मैदानावर उभे राहून करता येण्यासारखा आहे.

परिसर आता पालटत आहे. जुन्या इमारतींच्या जागी बुरूज उभे राहत आहेत, अनेक मराठी कुटुंबे उपनगरांकडे वळली आहेत आणि मैदानालगतच्या घरांतील मुले संध्याकाळी शिकवणीला जातात. नेटमध्ये सराव करणारी पुष्कळ मुले विरार, कल्याण, पनवेल या बाजूंनी खांद्यावर पिशव्या टाकून येतात. मैदान अंगणात असणाऱ्यांपेक्षा मैदान गाठावे लागणाऱ्यांची संख्या वाढली, म्हणजे कांबळीचा प्रवास आता नित्याचा झाला.

३ डिसेंबर २०२४ रोजी आचरेकरांच्या स्मारकाचे मैदानावर अनावरण झाले. त्या समारंभाला तेंडुलकर आणि कांबळी दोघेही उपस्थित होते. त्यानंतर तीनच दिवसांनी महापरिनिर्वाणदिनासाठी आलेली माणसे त्याच मैदानात उतरली.